बनवून आणलेला वस्तरा

माझ्या थोरल्या भावाने मला फसवलं. त्याने वस्तरा बदलला आणि नंतर गप्प बसला. वस्तरा बदलला ते मी एक वेळ सोडून देईन. गप्प बसला ते सोडणार नाही. हे आधीच सांगून टाकतो. भांड्यांच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं आणि तिथे शेवटचा भाव मी कधी पहिल्या वाक्यात सांगितला नाही. इथे सांगतो आहे, कारण माझं वय आता घासाघीस करण्याचं राहिलेलं नाही आणि दादाचं तर नाहीच.

आम्ही ग्वाल्हेरला, बिर्लानगरात मिलच्या लाइनीत राहायचो. कामगारांची ओळीने बांधलेली घरं, म्हणून लाइन. दोन खोल्या, पुढे हातभर अंगण, आणि शेजाऱ्यांच्या हद्दीतून आमच्याकडे झुकलेला एक कडुनिंब, ज्याच्या पानांचा कचरा आमचा आणि सावली त्यांची, असं बाई म्हणायची. बाई म्हणजे माझी आई. ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांतून आईला बाई म्हणायची पद्धत होती. लाइनीत मराठी घर आमचं एकटंच. आजूबाजूला भिंडकडचे, मुरैन्याकडचे, कुणी कानपूरचे. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी, असा नियम बाईने घातला होता, पण उंबरा काही फार उंच नव्हता. ती स्वतःच घाईत 'भाजी जळली'च्या जागी 'जल गई रे' म्हणायची आणि जीभ चावायची. पहाटे मिलचा भोंगा व्हायच्या आधी तिच्या शेगडीत कोळसे फुललेले असायचे. भोंगा थांबला की मागांची खडखड सुरू व्हायची, ती रात्रीची पाळी सुटेपर्यंत. पाहुणे विचारायचे, ह्या आवाजात तुम्ही झोपता कसे? आम्हाला संपाच्या दिवसांत झोप लागायची नाही.

आबा, माझे वडील, त्या मिलमध्ये फिटर होते. त्यांचे वडील मात्र घोडदळातले. दख्खनेतून आलेल्या शिपाईगड्यांचं आमचं घराणं. आजोबा कुठल्याशा लांबच्या लढाईवर गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या सामानात हा वस्तरा होता. विलायती पोलादाचं पातं, पुढच्या टोकाला हरभऱ्याच्या डाळीएवढा टवका उडालेला. मूळची मूठ वाटेतच फुटली म्हणून आजोबांनी सांबरशिंगाची मूठ स्वतः घासून बसवली होती, आणि पात्याच्या शेपटीवर, जो भाग मुठीच्या आत झाकला जातो तिथे, आपला फौजेतला नंबर ठोकला होता. तो नंबर आम्ही कधी पाहिला नाही, कारण मूठ काढल्याशिवाय तो दिसायचा नाही. पण पाढ्यासारखा पाठ होता. लहानपणी झोपताना आबा विचारायचे, "आजोबांचा नंबर?" आणि दादा आणि मी दोघं एका दमात म्हणायचो.

दाढी वाढलेले आबा कुणी पाहिले नव्हते. पाळी कुठलीही असो, कामावर जायच्या आधी ते अंगणात बसायचे. खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा अडकवलेला असायचा, त्याच्यावर वस्तरा उलटसुलट फिरायचा, सप् सप्, सप् सप्. मग आबा पातं कानाजवळ धरून त्याच्यावर हलकंच नख उडवायचे. आवाज यायचा तो वाटीच्या कडेला चमचा लागावा तसा, पण लांब, आणि संपता संपता आणखी बारीक होत जाणारा. तो पुरता संपेपर्यंत आबा थांबायचे. "बोलतोय," असं म्हणायचे आणि मग गालाला लावायचे. वस्तरा बोलला नाही असं कधी झालं नाही.

मी अठरा वर्षांचा असताना आबांना लकव्याचा हलका झटका आला. पाय वाचले, बोलणं वाचलं, पण उजवा हात थरथरायला लागला आणि मिल सुटली. एका डोळ्यात मोतीबिंदू आधीच होता. दादा, विश्वास, तेव्हा पुण्याला नोकरीला लागून, लग्न करून स्थिरावला होता. घरात मी. मॅट्रिकला एकदा आपटलो होतो आणि सायकलला स्टीलची भांडी बांधून गल्लोगल्ली फिरत होतो. लोकांना नवीन स्टील द्यायचं आणि जुनं पितळ घ्यायचं. दाल बाजारात पितळ घेणारा व्यापारी बसायचा, त्याच्याशी मी असा भांडायचो की आजूबाजूचे लोक तागडी सोडून बघायला यायचे. भांडं हातात घेऊन बोटाने ठोकलं की मी सांगायचो, पितळ आहे की काय मिसळलंय. आबांना माझा हा धंदा आवडत नव्हता. "तू भाव करतोस तेव्हा माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीस," ते म्हणायचे. मी म्हणायचो, तोंडाकडे बघितलं तर भाव होत नाही.

झटक्यानंतर चार दिवसांनी बाईने न्हाव्याला बोलवायचं म्हटलं. आबांनी मान हलवली. "मधू करेल." मी वस्तरा उघडला. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि पातं गालाला कसं निजवायचं ते दाखवलं. "दाबू नको. वजन वस्तऱ्याचं पडू दे, हाताचं नको." पहिल्या दिवशी अर्धा तास लागला. बाई शेगडीपाशी पाठ करून बसली होती, तिला बघवत नव्हतं. संपल्यावर आबांनी दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हात चांगला आहे रे तुझा." मला वडिलांनी आयुष्यात दिलेलं प्रमाणपत्र ते एवढंच. मी ते आजही सांगतो, माझ्या सुनांना ऐकून कंटाळा आला आहे.

त्यानंतर वर्षभर हे रोज चाललं. सकाळी भोंगा, मग बाईची फोडणीची पोळी, मग तांब्यात गरम पाणी, साबणाचा फेस, पट्ट्यावर वस्तरा. नख मात्र आबाच उडवायचे. मी पातं त्यांच्या कानाशी धरायचो, ते थरथरत्या हाताने नख लावायचे, ऐकायचे, "बोलतोय" म्हणायचे आणि मान मागे टाकून डोळे मिटायचे. गळ्यावरून वस्तरा फिरत असताना त्यांचे डोळे मिटलेले असायचे, ह्याची मला तेव्हा किंमत नव्हती. बाजारात माझ्या हातात दोन रुपयांचं पातेलं कुणी विश्वासाने देत नव्हतं.

मग शिंगाच्या मुठीला तडा गेला. खिळी ढिली झाली, पातं डुगडुगायला लागलं, आणि पात्याच्या मुळाशी गंजाचा ठिपका पडला. गणपतीला दादा आणि वहिनी आले होते. दुपारची जेवणं झालेली, बाईने चहा टाकलेला. मी म्हणालो, "आबा, सराफ्यामागच्या गल्लीत एक सिकलीगर आहे, सोनारांची हत्यारं पाजवतो. मी भाव ठरवून आलोय."

"तू भाव ठरवलास म्हणजे तो रडत काम करणार," आबा म्हणाले. "विश्वास, तू घेऊन जा. पुण्यात जुने कारागीर असतील. नीट बनवून आण."

वहिनी पुण्याच्या. त्यांना आमची मराठी ऐकून गुदगुल्या व्हायच्या. "बनवून? म्हणजे नवा बनवायचा का, मामंजी?"

"अगं नाही," दादा म्हणाला. "इथे बनवणं म्हणजे दुरुस्त करणं. घड्याळ बनवतात, सायकल बनवतात, दाढीसुद्धा बनवतात."

"आणि माणसांना बनवतात ते?"

"ते पुण्यात," बाईने कप ठेवता ठेवता म्हटलं, आणि सगळे हसले. आबा सगळ्यात जास्त हसले. मी हसलो नाही. वर्षभर तो वस्तरा माझ्या हातात होता. दादाने एकदाही आबांच्या गालाला हात लावला नव्हता. तरी वस्तरा थोरला नेणार. मी बाहेर जाऊन सायकलची चेन उगीच उतरवून पुन्हा चढवली. पण हे बोलणं नीट लक्षात ठेवा, वहिनींचा प्रश्न आणि दादाचं उत्तर. पुढे त्याचं काम पडणार आहे.

गणपती ते दिवाळी मी आबांची दाढी ब्लेडच्या यंत्राने केली. त्यांच्या कातडीला ते सोसायचं नाही, पुरळ यायचं. आबा तुरटी लावायचे आणि म्हणायचे, "येईल आता बनून." धनत्रयोदशीला दादा आला. बाईचे अनरसे झाले होते, शेजारच्या मिश्राइनने गुजियांचं, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्यांचं, ताट पाठवलं होतं. दादाने पेटी उघडली. पातं आरशासारखं चमकत होतं. टवका नव्हता, गंज नव्हता, मूठ पांढरी. मी म्हणालो, "हा वेगळाच दिसतो." दादा म्हणाला, "घासून पातळ केलाय. टवका नाहीसा होईपर्यंत घासावं लागलं. शिंगाची मूठ टिकणारी नव्हती, कारागिराने नवी बसवली." मी मान डोलावली. कुणाच्या घरचा हंडा हातात आला तर बुडाचं डाग-काम शोधणारा मी, मी मान डोलावली. दादा होता ना समोर.

आबांनी वस्तरा डाव्या हातात घेतला आणि कानाशी नेला. लाइनीत लवंगी फटाक्यांच्या माळा लागल्या होत्या, मला काही ऐकू आलं नाही. फक्त नख उडताना दिसलं. मग पुन्हा एकदा उडताना दिसलं. आबा थांबले, जसे नेहमी थांबायचे, पण फार थोडा वेळ. मग त्यांनी मान वळवून त्यांचा चांगला डोळा दादाकडे केला. दादा अनरशाची खसखस ताटलीत झटकत होता. "छान बनवलाय," आबा म्हणाले.

"बोलतोय?" मी विचारलं.

"फटाक्यांत काय ऐकू येणार," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, नरकचतुर्दशीला, अभ्यंगस्नानाच्या आधी मी सगळ्यांसमोर आबांची दाढी करायला बसलो. मला दाखवायचं होतं दादाला. पट्ट्यावर चांगला वीस वेळा वस्तरा फिरवला. पहिल्या हाताला ठीक गेला. दुसऱ्याला केस ओढले गेले. हनुवटीखाली आलो आणि फेस लाल झाला. आबांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. मी आणखी जपून फिरवला, आणखी एक जखम झाली. दादा वेताच्या मोढ्यावर बसून बघत होता. "मधू, हळू," तो म्हणाला.

हे दोन शब्द मी पन्नास वर्षं जवळ ठेवले आहेत.

दिवाळीनंतर दादा गेला. थंडी पडली, ग्वाल्हेरची थंडी, जिच्यात अंगणातल्या बादलीवर पहाटे हात ठेववत नाही. रोज दाढी, रोज कुठे तरी रक्त. मी पट्टा बदलला, साबण बदलला, बसायची बाजू बदलली. माझा हात गेला असं मला वाटायला लागलं. सायकल धरून धरून बोटं जड झाली असतील, असं बाई म्हणाली आणि मी तिच्यावर ओरडलो. आबा आता नख उडवत नव्हते. मी पातं कानाशी न्यायचो तर म्हणायचे, "राहू दे." ते मला खटकलं नाही. दुसरी एक गोष्ट थोडी खटकायची. पुण्याहून पत्र आलं की बाई वाचून दाखवायची आणि आबा शेवटी विचारायचे, "मधूला काही लिहिलंय का?" काही लिहिलेलं नसायचं. बाई म्हणायची, सगळ्यांना नमस्कार लिहिलाय. "तसं नाही. मधूला वेगळं काही?" मला वाटायचं, भावाभावांत प्रेम राहावं म्हणून म्हातारा धडपडतोय. मी म्हणायचो, "त्याला काय पडलंय माझं, तो साहेब."

संक्रांतीची सकाळ. बाईच्या गुळपोळ्यांचा वास घरभर. गळ्याला चिरल्यासारखी लांब जखम झाली. माझा हात थांबला. आबा डोळे मिटूनच, स्वतःशी पुटपुटल्यासारखे म्हणाले, "पाणी नाही रे ह्याला."

मला वाटलं, पाणी निवलं म्हणून तक्रार आहे. मी उठलो, शेगडीवरचा उकळता तांब्या आणून त्यांच्यापुढे आदळला. "हे घ्या पाणी. अजून पाहिजे? हंडा आणतो."

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उद्यापासून रामचरणला बोलव." रामचरण म्हणजे लाइनीतला न्हावी.

"म्हणजे माझा हात नको."

"तसं नाही मधू."

"दादाने बनवून आणलेला वस्तरा चांगला आणि माझा हात वाईट. सरळ सांगा ना. वर्षभर मी केली, त्याने एक दिवस तरी केली का?"

"थोडं थांब. कळेल तुला."

मी थांबलो नाही. मी त्या वयात कशासाठीच थांबत नव्हतो. दाल बाजारामागे पितळ ठेवायला एक खोली घेतली होती, तिथे अंथरूण नेलं. बाई दाराशी तिळगुळाची पुडी घेऊन उभी होती. मी ती न घेता सायकल काढली. संक्रांतीच्या दिवशी, गोड बोलायच्या दिवशी. बिर्लानगर ते दाल बाजार सायकलने जेमतेम अर्धा तास. त्या अर्ध्या तासाचं अंतर मी होळीपर्यंत ओलांडलं नाही. बाईने दोनदा निरोप पाठवला. दुसऱ्यांदा मिश्राजी स्वतः आले. "भैया, घर चलो. बाबूजी याद कर रहे हैं." मी म्हणालो, "रामचरण है ना." मिश्राजींनी माझ्याकडे असं बघितलं की दुसऱ्या कुणी तसं बघितलं असतं तर मी हात उचलला असता. ते निघून गेले.

होळीच्या आधी चार दिवस, दुपारी जेवून आबा कडुनिंबाखाली खाटेवर पडले आणि उठले नाहीत. मी पोचलो तेव्हा त्यांना खाली घेतलं होतं. मी चेहरा ओळखला नाही. पांढरी दाढी, छातीला टेकायला आलेली नाही पण चांगली बोटभर वाढलेली. मी बाईला विचारलं, रामचरण येत नव्हता का. बाईने रडत रडतच सांगितलं. रामचरण दोनदा आला. तिसऱ्यांदा आबांनी त्याला हात जोडून परत पाठवलं. म्हणाले, मधू येईल तेव्हा त्याच्याकडून करून घेईन.

मी त्याच वेळी दाढी करायला बसणार होतो. वस्तरा कोनाड्यात होता. मी काढला, उघडला, पण लाइनीतल्या जाणत्यांनी मला धरलं. म्हणाले, बेटा, अब नहीं, सूरज ढल रहा है. आबांना दाढीसकट पोचवलं. ज्यांना उभ्या जन्मात कुणी तसं पाहिलं नव्हतं, त्यांना शेवटचं सगळ्यांनी तसंच पाहिलं.

दहाव्याला नदीकाठी दादा आणि मी शेजारी शेजारी बसलो. बाप असेपर्यंत मिशी उतरवायची नाही, तो गेला की उतरवायची. रामचरणने आधी दादाची उतरवली, मग माझी. त्याचा वस्तरा माझ्या ओठावरून लोण्यासारखा गेला. मी दादाला म्हणालो, "माझ्या हातून त्यांना रोज लागायचं." दादा समोर पाण्याकडे बघत होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, सांत्वन करतोय. तो हात मी कृतज्ञतेने ठेवून घेतला, लिहितानाही अंगाची आग होते.

वाटण्या अशा काही नव्हत्याच. वस्तरा दादाने नेला नाही. "तूच ठेव, तू त्यांची सेवा केलीस," म्हणाला. मी तो फडक्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी टाकला. सायकलचं दुकान झालं, दुकानाची दुकानं झाली, बिर्लानगर सुटलं, मिलही बंद पडली. भोंग्याशिवाय उठायला मला कितीतरी वर्षं लागली. आयुष्यभर मी स्वतःची दाढी यंत्रानेच केली. उघडा वस्तरा दुसऱ्याच्या हातात दिसला तरी मान वळवायचो. माझा हात वाईट, हे मी मान्य करून टाकलं होतं. बाकी कुठलीही गोष्ट मी सहजासहजी मान्य केल्याचं कुणी सांगणार नाही.

मागच्या हिवाळ्यात ट्रंक नातवाच्या हाती लागली. "आजोबा, ये तो असली विंटेज है! आजकाल पोरं असेच वापरतात. बनवून घेऊ या ना." आमच्या घरात तो शब्द अजून तसाच आहे. का कोण जाणे, मी हो म्हणालो. सराफ्यामागची गल्ली अजून आहे, आणि त्या सिकलीगराचा मुलगा सत्तारभाई, माझ्याच वयाचा, तिथेच बसतो. मी सवयीप्रमाणे आधी भाव विचारला. ते म्हणाले, "सेठ, पहले मरीज़ तो देख लूँ, फिर फ़ीस बताऊँगा."

त्यांनी तेल लावून गंज काढला, दगडावर हळूहळू धार चढवली, पट्ट्यावर फिरवली. सप् सप्. मी स्टुलावर बसून होतो. त्यांनी मनगटावरचे दोन-चार केस उतरवले, पुन्हा उतरवायला गेले आणि थांबले. पुन्हा दगड, पुन्हा पट्टा, पुन्हा तेच. मग त्यांनी पातं कानाशी नेलं आणि नख उडवलं. मला स्वच्छ ऐकू आलं. टक्. लाकडावर खडा पडावा तसं.

"धार चढ़ती है, ठहरती नहीं," ते म्हणाले. "इसमें पानी ही नहीं है, सेठ."

पोलाद तापवून पाण्यात बुडवतात तेव्हा त्याच्यात जो कणखरपणा उतरतो, त्याला हत्यारं करणारे लोक पाणी म्हणतात. फिटर माणसाचा तो रोजचा शब्द. भांडी विकणाऱ्या पोराचा नाही. पन्नास वर्षांनी, सराफ्यामागच्या गल्लीत, मला आबांचं वाक्य ऐकू आलं. पाणी नाही रे ह्याला. आणि मी उकळता तांब्या आदळला होता.

"मूठ काढा," मी सत्तारभाईंना म्हणालो. त्यांनी खिळ्या घासून पांढरी मूठ वेगळी केली. पात्याची शेपटी कोरी होती. नंबर नव्हता. घासून गेल्याची खूणही नव्हती. तिथे कधी काही ठोकलंच नव्हतं. मी तो नंबर मोठ्याने म्हटला, एका दमात. सत्तारभाईंना वाटलं, फोन नंबर सांगतोय. सगळं कळल्यावर ते बिचारे म्हणाले, "कहो तो वही नंबर मैं ठोक दूँ, किसे पता चलेगा?" मी त्यांच्यावर भर गल्लीत ओरडलो. मग माफी मागितली, आणि त्यांनी सांगितला तो भाव तसाच दिला. असं मी पहिल्यांदा केलं.

संध्याकाळी दादाला फोन लावला. मी सरळ विचारलं, आबांचा वस्तरा कुठे आहे. दादा म्हणाला, "आबाच म्हणाले होते ना, बनवून आण. मी बनवून आणला."

"वहिनींना शब्दाचा अर्थ कुणी समजावला होता, दादा?"

मग हळूहळू निघालं. कारागिराने खिळी काढायला पातं तापवलं, ते तडकलं. त्याच्याकडेच दुसरा एक होता, तो दादाने घेतला. आबांना वाईट वाटू नये म्हणून.

"आबांना कळलं होतं," मी म्हणालो.

"हो. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. मी सगळं सांगितलं. रागावले नाहीत. म्हणाले, वस्तू आहे, तुटते. फक्त मधूला तू स्वतः लिहून कळव. मी सांगितलं तर मी तुझी चहाडी केल्यासारखं होईल. तो तुझ्यावर कायमचा चिडेल. तुझ्या तोंडून कळलं तर विसरेल." दादाचा आवाज बारीक झाला. "मी लिहिणार होतो रे. प्रत्येक पत्रात लिहिणार होतो. मग तू घर सोडलंस, मग आणखीच अवघड झालं. मधू, आता इतकं जुनं—" आणि फोन वहिनींकडे गेला. "भावजी, ह्यांना फार बोलायला लावू नका, त्रास होतो."

तो वस्तरा आता माझ्यापुढे आहे. सत्तारभाईंनी त्याला सांबरशिंगाची मूठ बसवून दिली आहे, आजोबांनी बसवली होती तशीच. दिसतो सुरेख. दाढी होत नाही. नातू रोज विचारतो, मग ठेवायचा कशाला?

दादा, हे छापून झालं की पहिली प्रत तुला पाठवणार आहे, आणि वहिनींनी ती मध्ये अडवू नये. तडकलेल्या पात्याचं मी तुला विचारत नाही. मला हे सांग: आबांच्या हनुवटीवरून रक्त येत होतं आणि वस्तरा आबांचा नाही हे तुला ठाऊक होतं, तेव्हा 'मधू, हळू' असं तू कुठल्या तोंडाने म्हणालास? नदीकाठी माझ्या खांद्यावर हात ठेवलास, तेव्हा त्या हाताला काय वाटलं? म्हातारा दाढी वाढवून कुणाची वाट बघत होता, माझी की तुझ्या पत्राची? फोनवर नको. पोस्टकार्ड घे, माझा हात वाईट नव्हता एवढं लिही, आणि खाली सही कर. प्रत्येक पत्राच्या शेवटी आबा विचारायचे, मधूला काही लिहिलंय का. ते आता नाहीत, म्हणून मीच विचारतो. दादा, मधूला काही लिहिलंस का?